ताब्याचा वाद, घरातली बंदूक आणि लेकरांचा जीव

प्रश्न असा आला आहे: "माझी बहीण दिवाळीपासून दोन लेकरं घेऊन माहेरी आहे. भाचा नऊ वर्षांचा, भाची चार वर्षांची. मारहाणीला कंटाळून आली. जावयानं जिल्हा कोर्टात ताब्याचा अर्ज टाकला. त्यात अंतरिम आदेश झाला की दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी अकरा ते पाच लेकरं बापाच्या घरी पाठवायची. त्यांच्या घरी सासऱ्याच्या नावाची पीक संरक्षणाची बंदूक आहे. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जावईच ती नेतो. मागच्या पेशीला कोर्टाबाहेर तो म्हणाला, 'पोट्टे मले नाही त कोणालेच नाही. सगळ्यायचा निकाल लावतो अन् मीही जातो.' वकील म्हणतात आदेश पाळा. घरचे म्हणतात बाप आहे, लेकरांना काय करणार. आम्ही काय करावं?" गाव यवतमाळ जिल्ह्यातलं आहे. नाव मी मुद्दाम देत नाही.

भाऊ, धमकी खरी धरा. तो तसं करीलच असं माझं म्हणणं नाही. असं बोलणारे बरेच बाप पुढे काही करत नाहीत, हे मी कौटुंबिक प्रकरणं चालवताना पाहिलं आहे. पण कोण करील आणि कोण नाही हे नुसत्या बोलण्यावरून ओळखायची विद्या माझ्याजवळ नाही, ठाणेदाराजवळ नाही आणि न्यायाधीशाजवळही नाही. ओळखता येते ती परिस्थिती. तुमच्याकडे बायको घर सोडून गेलेली आहे, मारहाण आधीपासून आहे, ताब्याचा वाद कोर्टात आहे आणि हाताशी बंदूक आहे. त्यावर त्यानं स्वतःच्या तोंडानं "मीही जातो" हे जोडलं. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त भीतीचं वाटतं. ज्याला उद्या जगायचं आहे त्याला पोलिसांची, तुरुंगाची, वावर जाण्याची भीती असते. ज्यानं स्वतःचं मरण हिशेबात धरलं त्याला कशाचीच राहत नाही.

"गरजेल तो पडेल काय" ही म्हण अशा वेळी बैठकीत कोणीतरी हमखास काढतो. बाकी कुठेही लागू पडो, घर तुटल्यावर लेकरांबद्दल दिलेल्या धमकीला ती लावू नका. ज्या घरांत असं झालं, तिथे मागं वळून पाहिलं की बहुतेक वेळा कोणालातरी आधी सांगितलेलं असतं: भावाला, चहाच्या टपरीवर, बायकोला फोनवर. ऐकणाऱ्यानं ते रागातलं म्हणून सोडून दिलेलं असतं.

जगात यावर बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ शहरांतल्या प्रकरणांचा अभ्यास करून २००३ साली मांडलं की मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि नुकतंच वेगळं होणं हे मोठं धोक्याचं लक्षण आहे. तो अभ्यास बायकांबद्दलचा होता. पण बायको माहेरी सुरक्षित बसली की हाताशी उरतात ती लेकरं, तीही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कोर्टाच्या आदेशानं. इंग्लंडमधल्या वीमेन्स एड या संस्थेनं २०१६ मध्ये एक अहवाल काढला. त्यात १२ कुटुंबांतल्या १९ मुलांची प्रकरणं होती. आई वेगळी झाल्यावर बापाला मुलांना भेटायची जी व्यवस्था होती, त्याच काळात त्या बापांनी ती मुलं मारली होती. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ २०१८ साली एका बापानं आईसोबत राहणाऱ्या आपल्या दोन किशोरवयीन मुलांना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःला संपवलं. बंदुका परवान्याच्या होत्या. २०२१ मध्ये कोरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या तिथल्या न्यायाधिकारी बाईंनी, चौकशी पूर्ण केली तेव्हा बाहेर आलं की त्याच्या हिंसाचाराची माहिती परवाना देणाऱ्या यंत्रणेला मिळण्यासारखी होती, पण परवाना देताना ती नीट तपासलीच गेली नाही. हे मृत्यू टाळता आले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही उदाहरणं दूरची आहेत हे मला कळतं. आपल्या भागात बंदूक फार थोड्या घरांत असते. गडचिरोलीकडे जुन्या भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुका, इकडे रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी घेतलेल्या पीक संरक्षणाच्या बंदुका, एखादा निवृत्त फौजी. बाकी घरांत धोका असतो तो फवारणीच्या औषधाचा आणि विहिरीचा, त्याबद्दल मी पुढे बोलते. पण ज्या घरात बंदूक आहे तिथे एक गोष्ट वेगळी असते. रागाचा आणि निराशेचा कडेलोट बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्यात कोणी हाक मारली, लेकरू रडलं, शेजारी आला, तर माणूस परत फिरतो. बंदूक असली की परत फिरायला वेळच मिळत नाही. म्हणून ताबा कोणाला, पोटगी किती, घटस्फोट होणार की नाही, हे सगळं नंतर. तुमचं पहिलं काम ती बंदूक त्या घरातून बाहेर काढणं हे आहे.

आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. निवडणूक लागली की काय होतं ते आठवा. ठाण्यातून निरोप येतो, परवानाधारक बंदूक घेऊन जातो, पावती घेतो, निकाल लागल्यावर परत आणतो. कोणाची अब्रू जात नाही, परवाना रद्द होत नाही. तीच पद्धत इथे वापरता येते. परवाना सासऱ्याच्या नावावर आहे ही तुमची सगळ्यांत मोठी सोय आहे. सासरे राजीखुशीनं बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देऊ शकतात. त्यांच्याशी बोलायला तुम्ही जाऊ नका, बहिणीला तर मुळीच पाठवू नका. त्यांच्या भावकीतला, त्यांच्या वयाचा, ज्याचं ते ऐकतात असा माणूस शोधा. बोलणं लेकरांच्या नावानं नको, परवान्याच्या नावानं करा: बंदूक तुमच्या नावावर, जागलीला नेतो पोरगा, उद्या काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल. हे खरंही आहे. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय दुसऱ्यानं ती बंदूक परस्पर बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा होतो, आणि परवानाधारकानं ती सुरक्षित ठेवायची असते.

माझ्या एका प्रकरणात हे काम सासूनं केलं. पोरगा वावरात असताना दाराआडच्या खुंटीवरची बंदूक तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळली, म्हाताऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवून पुतण्याला चालवायला लावलं आणि दोघांना ठाण्यात पाठवलं. काडतुसं बियाण्याच्या पेटीत होती, तीही मोजून दिली. पावतीवर बंदुकीचा नंबर, काडतुसांचा आकडा आणि "मालकाच्या विनंतीवरून" एवढे शब्द होते. त्या पावतीची झेरॉक्स मी कोर्टात लावली. आजीलाही नातवंडं हवी असतात हे आपण वकील लोक फार लवकर विसरतो.

सासरे नाही म्हणाले तर कायद्याचे रस्ते आहेत, आणि ते एकाच वेळी धरायचे. परवाना देणारे जिल्हाधिकारी असतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी ते परवाना स्थगित किंवा रद्द करू शकतात. त्यांना लेखी कारणं द्यावी लागतात आणि त्याआधी ते पोलिसांचा अहवाल मागवतात, म्हणून तुमचा अर्ज ठोस पाहिजे. दुसरं, फारसं कोणी न वापरणारं कलम २२ आहे. एखाद्याजवळ शस्त्र राहू देणं सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचं आहे असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर कारणं नोंदवून तो झडती घेऊन ते शस्त्र ताब्यात ठेवू शकतो, त्या माणसाजवळ परवाना असला तरीसुद्धा. आम्ही तो अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे देतो, म्हणजे तुमच्या एसडीओ साहेबांकडे. तिसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, २००५ चा. त्याच्या २००६ च्या नियमांत संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, न्यायदंडाधिकाऱ्याच्या लेखी निर्देशावरून पोलिसांची मदत घेऊन हिंसाचारात वापरलेलं शस्त्र जप्त करवता येतं. बहिणीला कधी बंदूक दाखवून धमकावलं असेल तर हे फार उपयोगी पडतं. तिला शांतपणे विचारा. बायका हे सहसा आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी बंदूक दाखवणं म्हणजे "मारलं तर नाही ना".

बंदूक बिनपरवान्याची निघाली तर गोष्टच वेगळी. तिथे समजुतीनं बोलायचं नाही, थेट पोलिसांना कळवायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदुकीला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

आता आदेशाबद्दल. वकील आदेश पाळा म्हणाले ते चूक नाही. मनानं आदेश मोडला तर पुढच्या पेशीला समोरचा वकील तेच धरून बसेल आणि धमकीचा विषय बाजूला पडेल. पण अंतरिम आदेश दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, आणि धमकी ही बदललेली परिस्थितीच आहे. त्याच कोर्टात या आठवड्यात तातडीचा अर्ज द्या. त्यात भेट बंद करा असं एकच मागणं ठेवू नका. पहिलं मागणं: बंदूक जमा झाल्याची पावती येईपर्यंत आणि धमकीची चौकशी होईपर्यंत भेट स्थगित ठेवा. ते मान्य नसेल तर दुसरं: भेट बापाच्या घरी नको, कोर्टाच्या आवारात किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, एक-दोन तासांची, भर दिवसा. संरक्षण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भेट घडवता येते हेही त्याच नियमांत आहे. तालुक्याच्या कोर्टात मुलांची वेगळी खोली नसली तर मध्यस्थी केंद्राची खोली मागा. तिसरं मागणं व्हिडिओ कॉलचं. न्यायाधीशाला मधला रस्ता दिला की तो विचार करतो. नुसतं "भेटू देऊ नका" म्हटलं की त्याला आई आडमुठी वाटायला लागते.

सोबत तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज टाका. त्याची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची असं कायदाच सांगतो, आणि कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश होऊ शकतो. कलम २१ तुमच्या वकिलांना वाचून दाखवा: भेटीमुळे मुलाच्या हिताला बाधा येईल असं दंडाधिकाऱ्याचं मत झालं तर त्यानं भेट नाकारायची आहे. तिथे शब्द "नाकारू शकेल" असा ढिला नाही. जिल्हा कोर्टातच सगळं एकत्र चालवायचं असेल तर कलम २६ प्रमाणे हेच दिलासे तिथेही मागता येतात. भाची पाचच्या आत आहे, त्यामुळे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तिचा ताबा सामान्यतः आईकडेच असतो. भाच्याबद्दल तशी सरळ तरतूद नाही, तिथे १८९० च्या पालक कायद्यापासून आजवर एकच कसोटी चालत आली आहे, मुलाचं हित. जिवंत राहणं हे त्यातलं पहिलं हित आहे हे कोर्टाला वेगळं पटवावं लागू नये. पण लागतं.

पटवण्यासाठी काय लागतं ते नीट ऐका, कारण चांगली प्रकरणं इथेच ढेपाळतात. धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, वऱ्हाडीत बोलला तर वऱ्हाडीत. कुठे, किती तारखेला, किती वाजता, कोण कोण उभं होतं. "जिवे मारण्याच्या धमक्या देतो" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, ते वाचून कोणाच्याही अंगावर काटा येत नाही. "पोट्टे मले नाही त कोणालेच नाही" हे वाचल्यावर न्यायाधीश मान वर करतो. फोनवरचे मेसेज, आवाजाची रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच ठेवा, खोडू नका. ते पुरावा म्हणून लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करतील. आणि कृपा करून वाढवून लिहू नका. दीर, नणंद, चुलतसासू सगळ्यांची नावं अर्जात टाकली की खरी धमकी त्या गर्दीत हरवते.

ठाण्यात गेलात की एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण व्हायची शक्यता आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये साध्या धमकीला एक शिक्षा आहे आणि ठार मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंतची वेगळी. ठार मारण्याचं बोललेला भाग ठळक सांगा. अंमलदारानं घेतलं नाही तर लेखी अर्ज ठाणेदारांच्या नावे देऊन पोच घ्या आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याची विनंतीही त्याच अर्जात करा. बहिणीसाठी वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१०० आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हिंसाचार सोसलेल्या बायकांच्या मदतीचं सखी वन स्टॉप सेंटर असतं, महिलांसाठीचा फोन १८१.

तुमच्या गावातली तंटामुक्त समिती, पोलीस पाटील, सरपंच या सगळ्यांनी समेटाची बैठक लावायचं ठरवलं असेल. हेतू चांगला असतो. पण धमकी आणि बंदूक असताना दोघांना एका ओट्यावर समोरासमोर बसवू नका. बैठकीत बाप चारचौघांत हरला असं त्याला वाटलं तर त्याच रात्रीचा धोका वाढतो. पोलीस पाटलांचा उपयोग वेगळा करून घ्या: धमकी त्यांच्या कानावर घाला आणि बंदूक कोणाच्या हातात असते हे ठाण्याला कळवायला सांगा. गावची खबर ठाण्यापर्यंत पोहोचवणं हे त्यांचं कामच आहे.

आता त्या बापाबद्दल. तुम्हाला त्याचा राग आहे आणि तो रास्त आहे. पण बाप लेकरांना मारतो तेव्हा दरवेळी त्याचा लेकरांवर राग असतोच असं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझनिक यांनी १९६९ मध्ये पोटच्या मुलाला मारणाऱ्या आईबापांच्या हेतूंची वर्गवारी केली. त्यात जोडीदारावर सूड हा एक हेतू आहे, आणि दुसरा आहे तो "माझ्यामागं यांचे हाल होतील, त्यापेक्षा सोबत नेतो" असा, त्याला स्वतःला माया वाटणारा. आपल्याकडे हा दुसरा जास्त कळण्यासारखा आहे. कर्ज, पडलेलं पीक, दारू, आणि त्यात बायको गेली. असा माणूस बैलजोडी विकायला लागला, देणी मिटवायला लागला, लेकरांना महागाच्या वस्तू घेऊन द्यायला लागला, एकदम शांत झाला, तर गाव म्हणतं सुधारला. मला तेव्हा काळजी वाटते. त्याच्यासाठीही कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. त्याच्या मित्राला, थोरल्या भावाला सांगा की त्याला थेट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. फवारणीची औषधं घरात न ठेवता दुसऱ्याकडे कुलपात ठेवणं हेही त्याच भावानं करायचं.

हाच प्रश्न तुमच्या घरातही विचारा. आपल्या भागात लेकरांना कवटाळून विहीर जवळ करणाऱ्या आयाही आहेत, आणि त्या बहुतेक अशाच बहिणी असतात: सासरी मार, माहेरी वहिनीचं बोलणं, कोर्टात तारखांवर तारखा. तिला "तू आमच्यावर ओझं नाहीस" हे एकदा म्हणून भागत नाही. तिच्या हातात थोडे पैसे असू द्या, रात्री तिच्याजवळ कोणीतरी निजत जा. ती "माझंच चुकलं, मी लेकरांना घेऊन कुठेतरी निघून जाते" असं बोलली तर ते धमकीइतकंच गंभीर धरा.

शाळेचं लगेच करा. मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकेला लेखी द्या की आई किंवा मामा यांच्याशिवाय कोणाच्याही हाती लेकरं सोडायची नाहीत. सोबत कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडा, म्हणजे त्यांना बापाशी हुज्जत घालायची पाळी येणार नाही. संरक्षण आदेशात शाळेच्या आवारात येण्याची मनाईही मागता येते. जुन्या शाळेनं टीसी अडवली म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. भाच्याला तुमचा मोबाईल नंबर, ११२ (पोलिसांची तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाईन) पाठ करून घ्या. त्याला एवढंच सांगा की भीती वाटली तर निघून शेजाऱ्याकडे जायचं, बहिणीला शोधत बसायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. त्या घरात बाबा काय बोलतात, बंदूक कुठे आहे, हे त्याला विचारून काढू नका. नऊ वर्षांच्या पोरानं हेर व्हायचं नसतं, आणि बापाला ते कळलं तर पहिला फटका त्यालाच बसेल.

शनिवारपर्यंत कोणताच आदेश हाती आला नाही तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ती वेळ येऊ शकते. तेव्हा लेकरं लपवू नका. शनिवारीच ठाणेदार, संरक्षण अधिकारी आणि समोरचा वकील यांना लेखी कळवा की धमकीबद्दल अर्ज प्रलंबित आहे, म्हणून रविवारी अकरा वाजता आम्ही लेकरं घेऊन ठाण्याच्या आवारात हजर राहू, वडिलांनी तिथे भेटावं. आणि खरंच हजर राहा, डबा, पाणी, भाचीची बाहुली सगळं घेऊन. आदेशात घर लिहिलं आहे, तेव्हा यात जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या वकिलांशी बोलूनच करा. पण आई भेट टाळत नाही, जागा बदलून मागते आहे, हे कागदावर दिसतं.

आणि कधी कोर्टाच्या आदेशानं लेकरं त्याच्याकडे गेली आणि पाच वाजता परत आली नाहीत, तर सहाची वाट पाहू नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कॅसल रॉक गावी जून १९९९ मध्ये एका आईच्या तीन मुलींना बाप घेऊन गेला. तिच्याजवळ कोर्टाचा मनाई आदेश होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिनं पोलिसांना पहिला फोन केला. दहापर्यंत थांबा म्हणाले, मग बारापर्यंत थांबा म्हणाले. पहाटे तो बाप स्वतःच ठाण्यासमोर आला, गोळीबार केला, पोलिसांच्या गोळीनं मेला, आणि त्याच्या गाडीत तिन्ही मुली मेलेल्या सापडल्या. बंदूक त्यानं त्याच संध्याकाळी विकत घेतली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आदेशाची अंमलबजावणी मागण्याचा तिला घटनात्मक हक्क नाही असं ठरवलं. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगानं मात्र तिच्या आणि मुलींच्या हक्कांचा भंग झाला असं म्हटलं.

तुमच्या ठाण्यातही पहिलं उत्तर "बापच आहे ना, येईल घेऊन" हेच मिळेल, कारण बापानं मूल नेलं तर अपहरण धरत नाहीत. म्हणून अपहरणाचा शब्दच काढू नका. ११२ लावा आणि एवढंच सांगा: मुलांना मारायची धमकी दिलेली आहे, त्याच्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, घरात बंदूक आहे, मुलं ठरलेल्या वेळी आली नाहीत. धमकीचा अर्ज, पोच, लेकरांचे अलीकडचे फोटो, जावयाच्या गाडीचा नंबर आणि त्यांच्या वावराचा रस्ता हे सगळं एका पिशवीत आधीच भरून ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे तुमच्या बायकोलाही माहीत असू द्या.